पथ्य आणि प्रमाण

आक्षेपक : माझी तक्रार आयुर्वेदाविरुद्ध नाही, आयुर्वेदाच्या नावाने आज घरोघर जो कारभार चालला आहे त्याविरुद्ध आहे, हे मी आरंभीच सांगून टाकतो. सकाळी उठून कढत पाण्यात मध-लिंबू घेणारा, साखरेच्या डब्याची जागा गुळाच्या ढेपेला देऊन मधुमेहाची भीती टळली असे समजणारा, वरणभातावर तुपाची धार धरताना ‘हे आपल्या शास्त्रात सांगितले आहे’ असे बजावणारा आणि रात्रीच्या जेवणात दही दिसले की भिवया चढवणारा, असे चौघे एकाच पंक्तीला बसलेले मी नेहमी पाहतो. आणि हे कोठे सांगितले आहे, कोणासाठी सांगितले आहे व खरे कशावरून, असे त्यांपैकी कोणालाही विचारले तर चौघेही आजीकडे बोट दाखवतात. आजीविषयी मला आदर आहे. परंतु ज्या ज्ञानाचा दाखला मागितला असता तो केवळ वयाच्या व नात्याच्या अधिकारावर दिला जातो, ते ज्ञान रोजच्या आहारात, म्हणजे ज्या गोष्टीवर मुलांची वाढ, गर्भिणीचे रक्त आणि वृद्धांची हाडे अवलंबून आहेत अशा गोष्टीत, विनाचौकशी दाखल करून घ्यावे काय, हा माझा प्रश्न आहे.

पुरस्कर्ता : ह्या तक्रारीपुरता मी आपल्याच बाजूचा साक्षीदार आहे. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेली, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९४१ साली छापलेली चरकसंहितेची प्रत जर आपल्या त्या पंक्तीत ठेवली, तर चौघांचीही रुजवात तेथल्या तेथे होईल. मध तापवू नये आणि उष्ण द्रव्याबरोबर घेऊ नये, असे ग्रंथ स्पष्ट सांगतो. तेव्हा कढत पाण्यात मध घेणारा ग्रंथाविरुद्ध वागतो आहे. मधुमेह ज्यात मोडतो त्या प्रमेहाची कारणे सांगताना त्याच ग्रंथाने बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ ही सारी एका रांगेत बसवली आहेत. तेव्हा गुळावर विसंबलेला मधुमेही ज्या ग्रंथाचा आधार घेतो, त्याच ग्रंथाने त्याला इशारा देऊन ठेवलेला आहे. तूप सांगितले आहे खरे, परंतु ते खाणाऱ्याच्या अग्नीच्या, म्हणजे पचनशक्तीच्या, हिशेबाने, हाताला येईल तसे नव्हे. आणि रात्री दही खाऊ नये हे वचन खरोखरच आहे. पण त्याच ठिकाणी तूप, साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा यांच्याविना दही खाऊ नये असेही म्हटले आहे, ते चौथ्या गृहस्थाच्या कानावर कधी आलेले नसावे. चौघेही शास्त्राचे नाव घेतात. शास्त्र मात्र त्यांतील एकाच्याही ताटात पुरतेपणी उतरलेले नाही.

माझे म्हणणे असे आहे की आयुर्वेदाने आहाराविषयी जे दिले ती पदार्थांची यादी नव्हे, ती विचारण्याची एक रीत आहे. चरकसंहितेतल्या विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार आठ अंगांनी करावा असे सांगितले आहे : पदार्थाचा मूळ स्वभाव, त्यावर केलेला संस्कार, कशाशी झालेला संयोग, राशी म्हणजे प्रमाण, देश, काल, जेवणाचे नियम आणि अखेरीस जेवणारा स्वतः. दह्याचेच घ्या. दही जड आणि अभिष्यंदी, म्हणजे शरीरातले मार्ग अडवणारे. त्याच दह्यात चौथा हिस्सा पाणी घालून ते रवीने घुसळले, वर आलेला लोण्याचा गोळा काढून घेतला, खाली राहिलेल्या पातळ ताकात चिमूटभर हिंग, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि सैंधव घातले, तर ज्या वस्तूचा रात्री निषेध होता तीच वस्तू संस्काराने इतकी पालटली की मूळव्याध आणि ग्रहणी या विकारांत चरकाने तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. दही चांगले की वाईट, असा प्रश्न ह्या विचारपद्धतीत संभवतच नाही. केव्हा, कोठे, किती, कशाबरोबर, काय करून आणि कोणी, इतके जोवर ठरले नाही तोवर उत्तर देण्याची मुभा नाही.

आक्षेपक : रीत सुबक आहे हे मान्य. पण रीत कितीही सुबक असली तरी तिच्यात घालायचा माल कोठला? आपण ज्या ताटाविषयी बोलतो आहोत त्यातली हिरवी मिरची, बटाट्याची भाजी, टोमॅटोची कोशिंबीर, शेंगदाण्याचे कूट, मक्याचे कणीस, पपई, पेरू, काजू हे सगळे अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या अमदानीत किंवा त्यानंतर आपल्याकडे आले. उपवासाचा म्हणून जो साबुदाणा आपण पवित्र मानतो तोही ज्या कंदापासून होतो तो कंद परदेशी आहे. चरकाला ह्यांतले एकही ठाऊक नव्हते. ज्या वैद्याने मिरची पाहिली नाही त्याच्या शास्त्राने कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याचा निवाडा कसा करायचा? शिवाय त्याचा देश कोणता? हिमालयाचा पायथा आणि गंगा-यमुनेचे खोरे डोळ्यांसमोर ठेवून ज्याने हेमंत-शिशिराचे वर्णन केले, त्याचा ऋतुक्रम मालवणच्या किनाऱ्याला लावायचा आणि सोलापूरच्या माळालाही लावायचा, हा अंमल मला जुलमाचा वाटतो.

पुरस्कर्ता : ग्रंथाने असा अंमल कधी मागितलेला नाही. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात अन्नपानाचे एवढे मोठे दफ्तर मांडून झाल्यावर शेवटी जे सांगितले आहे ते मला त्या ग्रंथातले अतिशय थोर स्थळ वाटते : सगळ्या द्रव्यांची नावे घेऊन निर्देश करणे अशक्य आहे, येथे नेहमीच्या उपयोगातला काही भाग तेवढा सांगितला, आणि जे येथे आले नाही त्याच्याविषयी त्या त्या देशातले लोक जे म्हणतात त्यावरून बोलावे. आपले ज्ञान अपुरे आहे हे जो ग्रंथ स्वतःच नमूद करतो आणि पुढची नोंद करण्याचा अधिकार देशोदेशीच्या रयतेकडे सोपवतो, त्याच्यावर सर्वज्ञतेचा आरोप करता येणार नाही. आणि हा अधिकार पुढे प्रत्यक्ष बजावला गेला. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने फिरंगरोगाची नोंद केली आणि त्यावर चोपचिनी सांगितली, म्हणजे बाहेरून आलेला रोग आणि बाहेरून आलेले औषध दोन्ही शास्त्रात दाखल झाली. सतराव्या शतकातल्या रघुनाथ नवहस्ताने ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला, त्यात मराठी घरांतले पदार्थ शास्त्राच्या परिभाषेत बसवले. भांडारकर संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी जिलबीचा इतिहास शोधताना ह्या ग्रंथाचा उपयोग केला आहे. देशाविषयी म्हणाल तर जांगल, आनूप आणि साधारण असे भूमीचे तीन भेद करून शास्त्राने कोकण आणि माणदेश यांना एका मापाने मोजण्याचा मार्ग आधीच बंद केला आहे. आमसुलाच्या आगळाची सोलकढी कोकणात झाली, नाचणीची आंबील उन्हाळ्यात घाटावर झाली, आणि पौषात भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोण्याचा गोळा, ज्या ऋतूत अग्नी प्रबल असतो असे शास्त्र सांगते त्याच ऋतूत, ताटात आला. हा चरकाचा हुकूम नव्हे. चरकाने मोकळ्या ठेवलेल्या जागी लोकांनी केलेली ही भरती आहे.

आक्षेपक : येथेच आपण दोन गोष्टींची सरमिसळ करता. लोकांनी जे जे केले ते सारे ऋतुचर्येचे ज्ञान होते असे धरून चालणे सोपे आहे, कारण यश मिळाले तेवढी उदाहरणे आपण उचलता. श्रावणात मासे न खाण्यामागे पावसाळी समुद्र, माशांचा विणीचा काळ, व्रतवैकल्ये आणि बाजारातली टंचाई इतकी कारणे आहेत की त्यातून अग्निमांद्याचे कारण वेगळे काढणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. चातुर्मासात वांगे का सोडतात? धर्मशास्त्राच्या नेमामुळे. आणि उपवास म्हणजे लंघन, असे जर शास्त्र असेल तर ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या समाजाने स्वतःविषयी रचली त्याची साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी आणि तळलेले वडे, ही कोणत्या अध्यायातली भरती?

पण माझा खरा आक्षेप ह्याहून खोल आहे, आणि तो मी शिकरणावरून मांडतो. विरुद्ध आहाराच्या प्रकरणात दुधाबरोबर जी फळे वर्ज्य सांगितली आहेत त्यांत केळे आहे, आंबा आहे, फणस आहे, नारळदेखील आहे. आता महाराष्ट्रात शिकरण-पोळी न खाल्लेले मूल शोधून काढावे लागेल. पिढ्यान्पिढ्या ती खाल्ली गेली. मी वैद्यांना विचारतो, हे विरुद्ध असूनही बाधत का नाही? उत्तर मिळते की सवयीने ते सात्म्य झाले; किंवा मुलांचा अग्नी दीप्त असतो; किंवा प्रमाण अल्प होते; किंवा खाणारा व्यायाम करणारा होता. ही उत्तरे वैद्यांच्या पदरची नाहीत, ग्रंथानेच हे अपवाद नोंदवले आहेत हे मला ठाऊक आहे. पण मग परिणाम काय झाला? शिकरण बाधले तर नियम खरा, न बाधले तर अपवाद खरा. जो नियम दोन्ही पक्षी जिंकतो त्याची परीक्षा कशी घ्यायची? आपण ज्याला व्यक्तिनिष्ठ सूक्ष्मता म्हणता तिने आपल्या शास्त्राभोवती असा बंदोबस्त केला आहे की चूक आत शिरतच नाही, आणि ज्या घरात चूक शिरत नाही त्या घरात दुरुस्तीही कधी होत नाही.

पुरस्कर्ता : आक्षेप वजनदार आहे आणि त्याची मी टोलवाटोलवी करणार नाही. प्रथम एवढेच सांगतो की चूक आत शिरण्याची वाट शास्त्राने मुळात मोकळी ठेवली होती. आपण ज्या विरुद्ध आहाराच्या अध्यायाचा दाखला दिलात त्यातच वाद आहे. चिलिचिम नावाचा एक मासा सोडून बाकी सर्व मासे दुधाबरोबर खायला हरकत नाही, असे भद्रकाप्य नावाचा आचार्य म्हणतो. ग्रंथाचा मुख्य उपदेशक आत्रेय त्याचे म्हणणे खोडून काढतो आणि कोणताच मासा दुधाबरोबर नको असे सांगतो. खोडलेला पक्ष ग्रंथाने पुसून टाकला नाही, नाव घालून जतन केला. विमानस्थानात वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी, सलोख्याने कशी आणि प्रतिपक्षाशी झुंजून कशी, यावर प्रदीर्घ विवेचन आहे. जी विद्या वादाची एवढी तजवीज करते तिला आपण चुकू शकतो हे माहीत असते. पुढच्या काळात वाद थांबला आणि पाठांतर उरले, ही आमची अधोगती आहे. ती मला मनापासून बोचते.

दुसरे असे, की व्यक्तीप्रमाणे पालटणारा उपचार परीक्षेला बसवताच येत नाही, हे म्हणणे आज खरे राहिलेले नाही. आमवातासारख्या सांध्यांच्या रोगावर कोइमतूर येथे एक परीक्षा झाली, तिचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण ४३ होते. वैद्याला प्रत्येकासाठी वेगळे औषध योजण्याची पूर्ण मोकळीक होती. कोणाला खरी आयुर्वेदीय औषधे आणि आधुनिक औषधाची पोकळ गोळी, कोणाला मेथोट्रेक्सेट हे आधुनिक औषध आणि आयुर्वेदाची पोकळ औषधे, तर कोणाला दोन्ही खरी देण्यात आली, आणि कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला ठाऊक नव्हते. तिन्ही गटांचे फळ जवळजवळ सारखे निघाले. संख्या लहान आहे, हे आपण म्हणण्याआधी मीच म्हणतो. पण वैद्याचे स्वातंत्र्य आणि परीक्षेची शिस्त एकत्र नांदू शकतात, एवढे तिने दाखवले. पुण्यातल्या संशोधकांनी प्रकृती आणि रक्तपेशींवरची आनुवंशिक चिन्हे यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न २००५ साली प्रसिद्ध केला, तोही छोटाच आहे. परंतु वाट बंद नाही.

आक्षेपक : औषधाची वाट बंद नसेल. अन्नाची आहे. गोळी पोकळ करता येते, खिचडी पोकळ करता येत नाही. ज्याच्या ताटात मुगाची खिचडी आणि ताक आले त्याला ते दिसते, त्याचा वास येतो, त्याच्या आईची त्याला आठवण होते, आपण पथ्यावर आहोत ह्या जाणिवेने तो त्या दिवशी लवकर झोपतो आणि विडीही ओढत नाही. पंधरा दिवसांनी त्याला हलके वाटले तर ते मुगामुळे, झोपेमुळे की विडी सुटल्यामुळे, याचा निवाडा कोण करणार? ही अडचण आधुनिक आहारशास्त्रालाही आहे, मी ती एकट्या आयुर्वेदाच्या माथी मारत नाही. फरक एवढाच की ते शास्त्र आपले मत पालटल्याचे जाहीरपणे सांगते. आपल्या बाजूने असे एखादे जुने वचन रद्द केल्याचा लेखी ठराव माझ्या पाहण्यात नाही.

आणि आता जे म्हणायचे आहे त्यात पुराव्याचा प्रश्न नाही, न्यायाचा आहे. अन्न उष्ण असावे, ताजे असावे, आधीचे पचल्यावर असावे, मन लावून, न बोलता, न हसता, फार भरभर नाही आणि फार रेंगाळूनही नाही असे खावे, हे जेवणाचे नियम किती सुंदर आहेत! पण उष्ण आणि ताजे म्हणजे काय, हे एकदा चुलीजवळ उभे राहून पाहावे. ज्वारीच्या पिठात कढत पाणी ओतून ते मळायचे, एका भाकरीपुरता गोळा घेऊन तळहाताच्या टाचेने परातीत रेटायचा, मग थापत थापत कडेपर्यंत सारखी जाड राखायची, तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर ठेवून तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकण्याच्या आत उलथायची आणि अखेरीस निखाऱ्यावर उभी धरून फुगवायची. ती फुगलेली भाकरी ज्याच्या ताटात पडते त्याच्याबाबतीत शास्त्राचे सगळे नियम पाळले गेले. त्याची संपेतो दुसरी तयार होते. अशा दहा भाकरी झाल्यावर जी उठते आणि विझत्या चुलीशी शेवटची, निवलेली, कडेला चिवट झालेली भाकरी कालच्या आमटीशी खाते, तिच्या अग्नीचा विचार कोणत्या अध्यायात आहे? आपण आठ अंगे मोजलीत : पदार्थ आला, संस्कार आला, देश-काल आला, जेवणारा आला. संस्कार करणारे हात कोणाचे, हे नववे अंग मला त्यात सापडले नाही.

लेखकाची टीप : ह्या संवादात आतापर्यंत जे आक्षेप ऐकले त्यांपैकी हा मला सर्वांत जड वाटतो, आणि आहारावरच्या आपल्या मराठी लेखनात तो अत्यंत क्वचित उठवला गेला आहे. ‘रुचिरा’सारख्या पाकपुस्तकापासून ‘आर्यभिषक्’सारख्या वैद्यकाच्या पुस्तकापर्यंत वाचणाऱ्याला कृती मिळते, मात्रा मिळते, ती कृती दिवसातून तीनदा करणाऱ्याचे श्रम हा आरोग्याच्याच हिशेबातला खर्च आहे, असे मांडलेले बहुधा आढळत नाही. म्हणून पुढच्या उत्तराला लेखकाने मुद्दाम जागा दिली आहे.

पुरस्कर्ता : नाही, ते अंग नाही. असते तर बरे झाले असते, आणि नसण्याचे कारणही मला लपवायचे नाही. ज्या वाचकासाठी हे नियम लिहिले गेले तो संपन्न होता, त्याच्या घरी रांधणारी माणसे होती, आणि जे घरात असतेच त्याचा उल्लेख करावा असे लिहिणाऱ्याला वाटले नाही. ह्या उणिवेला झाकण घालण्यासाठी मी अन्नपूर्णेचे गोडवे गाणार नाही. ते पुष्कळांनी गाऊन झाले आणि त्याने कोणाची भाकरी गरम झाली नाही.

पण आपल्या आक्षेपाचा मी शास्त्राच्याच रीतीने विचार करून पाहतो. उपयोक्त्याचा, म्हणजे जेवणाऱ्याचा, विचार करा असे जर शास्त्र म्हणते, तर घरात जितके जेवणारे तितके उपयोक्ते, आणि त्यांत रांधणारीही आली. तिच्या दृष्टीने पाहिले की लागलीच उष्ण अन्नाचा नियम आपल्या जागेवरून हलतो. मग दहा भाकऱ्यांपेक्षा जुन्या तांदळाची आणि मुगाची एका भांड्यात होणारी खिचडी, जी सगळे एका वेळी बसून खातात, ती शास्त्राला अधिक धरून ठरते. मग पुरुषाने परातीशी बसणे हे केवळ औदार्य न राहता पथ्याचा भाग होते, कारण जिचे जेवण रोज निवलेले आणि रोज अवेळी आहे अशी एक व्यक्ती घरात असेपर्यंत त्या घरात ऋतुचर्या पाळली जाते असे म्हणण्याचा कोणालाही अधिकार नाही. हे चरकाने म्हटलेले नाही, मी म्हणतो. परंतु न सांगितलेल्या गोष्टीचा विचार करण्याची मुभा त्यानेच दिलेली आहे.

ह्याच कारणाने श्रम वाचवण्याच्या नावाखाली जे दुसरे टोक पुढे येते आहे तेही मला पटत नाही. २०२२ साली सरकारने आयुर्वेदीय आहारासाठी नियम केले. ग्रंथोक्त पाककृतींनी बनवलेल्या पदार्थांना त्या नावाने विकण्याची आता रीतसर सोय आहे. भेसळ आणि खोटे दावे यांना आळा बसेल तेवढ्यापुरते ते चांगलेच. पण पुडक्यावर कितीही मोहोर उठवली तरी पुडक्याला समोरचा मनुष्य दिसत नाही. आठांपैकी देश, काल आणि उपयोक्ता ही तीन अंगे ज्या क्षणी गळाली त्या क्षणी जे उरते ते जिन्नस आहे, आहार नव्हे.

आक्षेपक : उत्तर प्रामाणिक आहे, आणि त्यामुळेच मला आता नेमके विचारता येते. जेवणाऱ्याकडे पाहा म्हणताना आपण सगळा भार निरीक्षणावर टाकलात : स्वतःकडे पाहा, भूक लागली का, पोट हलके आहे का, ढेकर शुद्ध आहे का. आपण असे धरून चालता की शरीर विचारल्यावर खरी जबानी देते. पण आज ज्या रोगांनी माणसे मरतात त्यांतले बरेच रोग जबानी देतच नाहीत. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असतो आणि मनुष्याला भूक उत्तम लागते, झोप उत्तम लागते, तोंडावर तेज असते. रक्तातली साखर वाढू लागते तेव्हा प्रारंभी काहीही दुखत नाही. अशा मनुष्याने तूप, मीठ, लोणचे, पापड यांविषयी आपल्या अग्नीला विचारून निर्णय घेतला तर तो हसतमुखाने खड्ड्याकडे चालत जाईल. अंतःसाक्ष आणि मोजमाप यांचे जेव्हा पटणार नाही तेव्हा आपण कोणाची फिर्याद दाखल करून घेणार?

पुरस्कर्ता : मोजमापाची. हे मी एका शब्दात सांगतो, म्हणजे संशय राहणार नाही. आणि असे सांगताना मी शास्त्र सोडतो असेही मला वाटत नाही. प्रमेही मनुष्याच्या मूत्राला मुंग्या लागतात, हे चरकाने नोंदवले आहे. ते रोग्याला काय वाटते याचे वर्णन नव्हे, त्याच्या बाहेर, त्याच्या मताची पर्वा न करणारी ती खूण आहे. आज आपण जिला आयुर्वेदाचे हृदय समजतो ती नाडीपरीक्षा चरकात नाही. ती कित्येक शतकांनंतर शार्ङ्गधराच्या ग्रंथात दिसते आणि मग इतकी रुळते की लोक तिला आद्य मानू लागतात. बाहेरून आलेले परीक्षेचे साधन आपलेसे करणे ही त्या विद्येची जुनी वहिवाट आहे. तशीच रक्ततपासणी आत यावी. माझ्या कल्पनेतल्या घरात वर्षभराची एक वही असेल : ऋतू, काय खाल्ले, कसे पचले, झोप कशी झाली, आणि त्याच वहीत दर तीन महिन्यांनी रक्तदाब व साखर. दोन्ही स्तंभ शेजारी शेजारी. जेथे ते जुळतील तेथे नियमाला बळ येईल, जेथे फाटतील तेथे नियमाने माघार घ्यावी.

आक्षेपक : मग मी आपल्याकडून एक लेखी हमी मागतो. काय निष्पन्न झाले असता आपण कोणते वचन सोडाल, हे आधी सांगा. वही भरून झाल्यावर नव्हे.

पुरस्कर्ता : रात्रीचे दही. दही खाणारे आणि न खाणारे अशा पुष्कळ घरांच्या वह्या जर काही भेद दाखवू शकल्या नाहीत, तर तो निषेध मी यादीतून काढीन आणि काढल्याचे जाहीर करीन. शिकरणही काढीन. मध तापवण्याचा निषेधही परीक्षेला ठेवीन. घातक सवय एकदम न तोडता चतुर्थांशाने कमी करत जावी असे जे सांगितले आहे तेही परीक्षेला योग्य आहे, कारण एकदम सोडणारे आणि हळूहळू सोडणारे असे दोन गट करता येतात. पण आधीचे अन्न जिरल्यावाचून पुढचे घेऊ नये, हे मी सोडणार नाही.

आक्षेपक : म्हणजे एक वचन आपण परीक्षेच्या बाहेर ठेवलेच.

पुरस्कर्ता : ठेवले, कारण ते सोडले तर आठही अंगांना धरून ठेवणारा दोरा तुटतो. ते पचनाविषयीचे विधान असेलही. मला ते मुख्यतः जेवणाऱ्याला थांबवून विचारायला लावणारे वाटते. त्याची परीक्षा कशी घ्यावी हे मला सुचत नाही, आपल्याला सुचले तर मी बसायला तयार आहे.

आक्षेपक : मला सुचत नाही. मी स्वतः भूक लागल्यावाचून जेवत नाही, आणि त्यासाठी मला चरकाची गरज पडली नाही. पण ज्याची परीक्षा घेता येत नाही ते मी स्वतःपुरते पाळीन. दुसऱ्याला ते शास्त्र म्हणून सांगण्याचा अधिकार मी घेणार नाही. विशेषतः ज्याला पाळणे शक्यच नाही अशाला. कारखान्याच्या उपाहारगृहात जेवणाची सुट्टी साडेबाराला होते आणि एकला संपते. पहाटे डोंबिवलीहून निघालेल्याने गाडीतच डबा उघडला असेल तर साडेबाराला त्याचे जिरलेले नसते, आणि जो उपाशी निघाला त्याला दहालाच भूक लागून ती मेलेली असते. दोघांनाही साडेबारालाच जेवायचे आहे. ह्यांना आपण काय सांगणार?

पुरस्कर्ता : त्यांना काही सांगण्याआधी सुट्टीची वेळ ठरवणाऱ्याला मी सांगेन.

आक्षेपक : तो विचारील की हे कोणत्या कलमाखाली. काल हे आहाराचे एक अंग आहे असे आपण त्याला वाचून दाखवाल. त्यावर, कामगाराचा काल ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, असे तो म्हणेल, आणि ते खरे असेल.

पुरस्कर्ता : खरे असेल. शास्त्राने काल पाहावा असे सांगितले ते ज्याच्या हाती स्वतःचा काल आहे अशा मनुष्याला उद्देशून सांगितले. ज्याचा काल दुसऱ्याच्या हाती आहे त्याचे पथ्य त्याने स्वतः पाळायचे की त्याच्या मालकाने, ह्याचा विचार मला कोठे मिळालेला नाही. तो व्हायला हवा, आणि तो केवळ वैद्यांनी करून भागणार नाही.

आक्षेपक : त्या विचाराला बसलात तर मलाही बोलवा. मी तेथेही पुरावाच मागेन.